ओडिनोच्या कातळावर पाणी किती ठेवायचे?

केनियातल्या किसुमू शहराच्या पूर्वेकडील साखरपट्ट्यात मी सहा वर्षे नोकरी केली. त्यातली पहिली चार वर्षे सोंडू-मिरिऊ ही नदी माझ्या लेखी नकाशावरची निळी रेघ आणि त्या रेघेवरचे 60 मेगावॉटचे जलविद्युत केंद्र एवढीच होती. तिच्या घळीत ओडिनो नावाचा धबधबा आहे आणि तिथले लुओ लोक त्याला पवित्र स्थान मानतात, हे मला कारखान्यातल्या बॉयलरवर काम करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांकडून कळले. ते मूळचे त्याच नदीकाठच्या न्याकाच भागातले. सगळे त्यांना ‘जादुओंग’ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो; लुओंच्या धोलुओ भाषेत वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने असे संबोधतात.

जानेवारीतल्या एका रविवारी ते मला तिथे घेऊन गेले. पाऊस संपून बरेच दिवस झाले होते. कातळाच्या रुंदीच्या मानाने पाणी थोडे होते आणि ते एका कडेने, जणू अंग चोरून, खाली उतरत होते. जादुओंगांनी खडकापाशी उभे राहून आधी कमरेला आणि मग खांद्याला हात लावला. तरुणपणी कोरड्या महिन्यातही पाणी कमरेपर्यंत असे आणि मोठ्या पावसात खांद्यापर्यंत चढे, असे ते म्हणाले. नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. परतीच्या चढणीवर थांबून मात्र म्हणाले, "इथे येणारा माणूस पाण्याच्या आवाजाशी बोलायला येतो. आवाजच बसला तर त्याने कुणाशी बोलायचे?"

पाणी कमी होण्यामागे गूढ काही नाही. सोंडू-मिरिऊ माऊच्या जंगलात उगम पावते, केरिचोच्या चहाच्या मळ्यांकडून खाली येते आणि लुओ ज्याला ‘नाम लोल्वे’ म्हणतात त्या व्हिक्टोरिया सरोवराच्या विनाम आखाताला मिळते. पठारावरून सरोवराकाठच्या सखल भागात उतरताना तिला जो मोठा उतार मिळतो, त्याच उताराचा उपयोग वीजनिर्मितीसाठी केलेला आहे. घळीच्या वरच्या अंगाला बंधारा घालून पाणी सहा किलोमीटरांहून अधिक लांबीच्या बोगद्यात वळवले जाते आणि खाली जनित्रे फिरवून ते पुन्हा बाहेर पडते. त्याच पाण्यावर पुढे सांगोरो येथे 21 मेगावॉटचे आणखी एक केंद्र चालते. मोठे धरण नाही आणि विस्तीर्ण जलाशय नाही, त्यामुळे बुडित क्षेत्राचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. कागदावर हा प्रकल्प नदीला कमीत कमी त्रास देणाऱ्यांपैकी वाटतो. मात्र बोगद्याचे तोंड आणि त्याचा शेवट यांच्यामध्ये नदीचा जो तुकडा राहतो त्याच्या वाट्याला उरलेले पाणी येते, आणि ओडिनो नेमका त्या तुकड्यात आहे.

जपानच्या कर्जातून या प्रकल्पाचे बांधकाम 1999 मध्ये सुरू झाले आणि लवकरच गावकऱ्यांच्या तक्रारीही सुरू झाल्या. जमिनीची भरपाई, सुरुंग आणि धूळ, नोकऱ्यांचे वाटप हे विषय तर होतेच, पण त्यांच्या जोडीला धबधबा कोरडा पडेल हाही आक्षेप होता. केनियातील संस्थांनी आणि त्यांच्या जपानी साथीदारांनी तो उचलून धरला, इतका की टोकियोच्या संसदेतही या नदीची चर्चा झाली. 2001 मध्ये रहिवाशांचे प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्था आणि प्रकल्पाचे अधिकारी यांची एक तांत्रिक समिती नेमण्यात आली. मला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘विरोध’ आणि ‘विकास’ अशी ठरीव मांडणी आपल्याकडे लगेच होते. न्याकाचमधल्या अनेकांना वीजही हवी होती आणि धबधबाही, आणि दोन्हींचे माप कोणी काढायचे यावर त्यांचा वाद होता.

नदीत किमान प्रवाह ठेवण्याची अट अशा प्रकल्पांना असते. केनियाच्या 2002 च्या जलकायद्याने आणि नंतर 2016 च्या कायद्यानेही माणसांच्या मूलभूत गरजांसाठी व परिसंस्थेसाठी पाणी राखून ठेवण्याचे तत्त्व मान्य केले आहे. तत्त्व चांगलेच आहे. पण हे माप घनमीटरांत निघते आणि त्याच्या हिशेबात मासे, जनावरे, पिण्याचे पाणी बसते. आवाज बसत नाही, आणि कातळ किती रुंद भिजावा हेही बसत नाही. हे हिशेबनीसांचे अज्ञान आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांच्यासाठी त्या जागेला अर्थ आहे त्यांनी हिशेबाला बसले नाही, तर तो रकाना कोराच राहतो.

माशांच्या बाबतीत जादुओंगांचे ज्ञान मला चकित करून गेले. ‘निंगु’ नावाचा मासा मोठा पाऊस सुरू झाला की सरोवरातून नद्यांमध्ये अंडी घालण्यासाठी चढतो. मी कोकणातला, त्यामुळे मला वेगळे समजावून सांगावे लागले नाही: ही तर वलगण! शिवाय निंगु आपल्या रोहूचा भाऊबंद आहे, दोघांचेही शास्त्रीय नाव ‘लाबिओ’नेच सुरू होते. गेल्या शतकात नद्यांच्या मुखाशी जाळी लावून चढणीचे मासे इतके धरले गेले की सरोवरातली निंगुची मासेमारी कोसळली. हे सांगताना जादुओंगांनी धरणवाल्यांना दोष दिला नाही. "ती जाळी आमचीच होती," एवढेच म्हणाले.

लुओंच्या इतर वारसास्थळांशी तुलना केली म्हणजे ओडिनोची अडचण अधिक स्पष्ट होते. मिगोरी परगण्यातली थिमलिच ओहिंगा ही दगडी तटबंदी 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. चुना-माती काही न वापरता, आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा रचून मधल्या पोकळीत बारके दगड भरलेल्या या भिंती पाहताना मला आमच्या परसातला गडगा आठवला. फरक एवढाच की या भिंती काही ठिकाणी चार मीटरांहून उंच आहेत. गडगा ढासळला तर पडलेला दगड उचलून पुन्हा लावता येतो, आणि तो कसा बसवायचा हे माहीत असलेली माणसे त्याच गावात असतात. किसुमू-बोंडो रस्त्यावरच्या कित मिकायी या प्रचंड शिळांपाशी गावातल्या बायका गाणी म्हणत पाहुण्यांचे स्वागत करतात, लेजिओ मारिया या ख्रिस्ती पंथाचे भाविक प्रार्थनेला येतात, आणि जागा त्यांच्या वावरानेच राखली जाते. धबधब्याचे असे नाही. त्याच्या भोवतीचे झाड कोणी तोडू नये एवढा धाक गाव घालू शकते, पण त्याचे पाणी कित्येक किलोमीटर वर, दुसऱ्यांच्या हाती असते.

आणि ते ‘दुसरे’ म्हणजे केवळ वीज कंपनी नव्हे. बंधाऱ्याच्याही वर किप्सिगिस लोकांचा मुलूख आहे, आणि त्याच्याही वर माऊचे जंगल, ज्याचा मोठा भाग 2001 मध्ये सरकारने वनक्षेत्रातून वगळला. जंगल विरळ झाले की कोरड्या महिन्यांतला प्रवाह आटतो आणि पावसात नदी तांबडी होऊन येते. मग बंधाऱ्यावरचे दार कितीही उघडे ठेवले तरी सोडायला पाणी लागते ना! केनियाच्या जलकायद्याने पाणी वापरणाऱ्यांचे संघ स्थापन करण्याची सोय केली आहे. असे संघ वरच्या आणि खालच्या गावांना एका सतरंजीवर बसवू शकले, तर ओडिनोसाठी त्याचा उपयोग कोणत्याही फलकापेक्षा जास्त होईल, असे माझे मत आहे. लुओ आणि किप्सिगिस यांच्यात सीमेवरून कुरबुरी होतात. पण सोंडूच्या बाजारात दोन्हीकडची माणसे एकमेकांशी व्यवहारही करतात, म्हणजे बोलण्याची सवय मोडलेली नाही.

मी परत आलो त्याला आता बराच काळ लोटला. एप्रिलमध्ये तिकडचा मोठा पाऊस भरात आला की नदीला बोगद्यात मावेल त्याहून जास्त पाणी येते आणि उरलेले बंधाऱ्यावरून ओसंडून थेट घळीत पडते. त्या दिवसांत जादुओंगांचा फोन हमखास येतो. आधी घरच्यांची चौकशी, मग माझ्या गुडघ्यांची, आणि मग मुद्द्याचे: पाणी कुठवर आले ते. गेल्या खेपेला छातीपर्यंत होते.