मनूचे जादाचे दोन दात

इंदूरच्या रामबागेत माझा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांनी टाकलेला. पासपोर्ट, शाळेचं ओळखपत्र, परीक्षांचे फॉर्म. समोर बसेल त्याला मी दिवसभर एकच सांगत असतो, "भिया, मुँह बंद." या फोटोंत दात दिसलेले चालत नाहीत. त्या सवयीमुळेच की काय, घरच्या पोराच्या तोंडात काय चाललंय हे कळायला मला वर्ष लागलं.

कळलं ते झांक्यांमुळे. अनंत चतुर्दशीला रात्रभर मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले चित्ररथ, बघायच्या आणि मनूला खांद्यावर घेऊन एक फोटो काढायचा, हे आमचं ठरलेलं. नवा फोटो संगणकावर घेतला आणि सहज आदल्या वर्षीचा शेजारी उघडला. जुन्यात मनू सात वर्षांचा, खिदळतोय, वरचा उजवा पटाशीचा दात नुकताच फुटलेला, डावीकडे दुधाचा. नव्यात उजवा चांगला फावड्याएवढा झालेला, दोन्हीकडचे शेजारचे दातही आलेले आणि डावीकडे अजून तोच दुधाचा इवलासा दात, मोठ्यांच्या पंगतीत पोर बसवावं तसा. सकाळी बोटानं हलवून बघितला. ढिम्म.

कुणाला दाखवलंच नव्हतं असं नाही. उन्हाळ्यात किडलेल्या दाढेसाठी एका दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा विचारलं होतं. "येईल हळूहळू, मुलांचं पुढेमागे होतं," असं ऐकून परत आलो. राग आहे थोडा. बारका एक्सरे काढायला वेळ तो किती लागतो? पण खरं सांगायचं तर घरात आईही तेच म्हणत होती, आणि मलाही तेच ऐकायचं होतं.

मग लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आधी तारखा विचारल्या. उजवा कधी आला, शेजारचे कधी आले. वरचे मधले दोन दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात, त्यांच्या बाजूचे त्यानंतर. मधल्याच्या आधी बाजूचा आला, किंवा एकीकडचा येऊन सहा महिने उलटले तरी दुसरीकडचा नाही, तर वाट बघत बसायचं नाही, आत काय आहे ते बघायचं.

आत दोन पाहुणे निघाले. एक निमुळता, मोगऱ्याच्या कळीसारखा, पण उलटा, टोक नाकाकडे. दुसरा पिंपासारखा बुटका, डोक्यावर दोन-तीन उंचवटे, आणि नेमका डाव्या दाताच्या वाटेत आडवा आलेला. खरा दात त्याच्या वर अडकून बसला होता. वरच्या जबड्यात अगदी मध्यावर येणाऱ्या अशा जादा दाताला मेसिओडेन्स म्हणतात. जादा दात शंभरातल्या एक ते तीन जणांना असतात, मुलींपेक्षा मुलग्यांना साधारण दुप्पट. मनूच्या आजीची काळजी वेगळीच. बत्तीस दातांच्या माणसाचं बोललेलं खरं होतं म्हणतात, मग चौतीसवाल्याचं काय?

पुढचा भाग मला फार आवडला, कारण तो माझ्या धंद्यातला. अख्ख्या जबड्याच्या एका मोठ्या एक्सरेत, ओपीजीत, दात दिसतात, पण जादाचा ओठाच्या बाजूला आहे की टाळूच्या, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय नेमका मधला भाग कधीकधी पुसट येतो. म्हणून बाईंनी दोन छोटे एक्सरे काढले, दुसऱ्या वेळी एक्सरेची नळी जराशी बाजूला सरकवून. दोन्ही शेजारी ठेवून म्हणाल्या, "नळी सरकली त्याच बाजूला हा दात सरकलाय, म्हणजे मागे आहे, टाळूकडे." मी म्हटलं, "चांदोबा!" त्या बघतच राहिल्या. आपण चाललो की जवळची झाडं मागे पडतात आणि चांदोबा आपल्याबरोबर चालतो. तेच हे. ऑपरेशनच्या आधी थ्रीडी स्कॅनही झाला. त्यात खऱ्या दाताचं मूळ अजून वाढतंय हे दिसलं.

असा प्रत्येक दात काढावाच लागतो असं नाही. कुणाच्या वाटेत नसेल, शेजाऱ्याचं मूळ झिजवत नसेल, भोवती गाठ होत नसेल, तर नुसती नजर ठेवतात. फार लवकर काढायला गेलं तर शेजारच्या कोवळ्या मुळाला धक्का लागायची भीती. फार उशीर केला तर अडलेल्या खऱ्या दाताचं मूळ पूर्ण होऊन आपसूक खाली यायचा जोर कमी होतो, तोवर जागाही आकसते. आमचा रस्ता अडवून बसलेला, त्यामुळे प्रश्नच नव्हता. उलट्यालाही त्याच बैठकीत निरोप द्यायचं ठरलं.

नोव्हेंबरात पूर्ण भूल देऊन टाळूकडून दोन्ही काढले, दुधाचाही काढला. टाळूचा पुढचा भाग काही दिवस बधिर होता, मनू सारखी जीभ लावून बघायचा. गार खिचडी, मग भुट्ट्याचा कीस. तळलेल्या गराडूचे, त्या थंडीतल्या कंदाचे, दिवस आणि घरात गराडू बंद, ही शिक्षा त्याच्यापेक्षा मलाच जास्त झाली.

त्यानंतर नुसती वाट बघणं. बाईंनी सहा महिने ते वर्ष सांगितलं होतं. तोवर शेजारचे दात जागेत घुसू नयेत म्हणून काढता-घालता येणारी प्लेट. एवढं करून आला नाही तर हिरडी उघडून, दाताला बारीक कडी चिकटवून, तारेनं खाली ओढायचा. दर महिन्याला स्टुडिओतल्या त्याच खुर्चीत, त्याच उजेडात मी त्याच्या उघड्या तोंडाचा फोटो काढत होतो. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, सगळे सारखे. मार्चमध्ये हिरडी जराशी फुगल्यासारखी वाटली. एप्रिलच्या फोटोत तांदळाच्या कणीएवढी पांढरी कड.

दात जरा वळून येतोय. बाई म्हणाल्या, पूर्ण उतरू दे, तारेचं नंतर बघू.