निगेटिव्ह स्कॅनिंग लॉग: डमी बॅटरी चालली, तिच्यासोबतचा अॅडॉप्टर नाही

मंडळी, जुन्या निगेटिव्हचे कॅमेऱ्याने फोटो काढून त्या कॉम्प्युटरवर आणायचं काम चाललंय. कॉपी स्टँड (कॅमेरा खाली तोंड करून धरणारा खांब) उभा राहिला, लाइट पॅड (निगेटिव्हला खालून उजेड देणारी पाटी) बसला, आता कॅमेऱ्याच्या विजेचं काय केलं ते लिहितो, कारण आपल्यातले बरेच जण याच पायरीवर अडकलेत.

सेटअप परत थोडक्यात. जुन्या एनलार्जरचा (डार्करूममधे फोटो मोठे करायचं यंत्र) खांब, त्याला कॅनन १५००डी खाली तोंड करून, ५० एमएम लेन्स आणि जवळून फोकस व्हावा म्हणून मधे एक्स्टेन्शन ट्यूब, खाली पॅडवर ३५ एमएमच्या निगेटिव्ह. निगेटिव्ह काकाच्या, त्याचा दादरला स्टुडिओ होता, लग्नं, मुंजी, बारशी सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवलेलं, आणि मुंबईचे इतके पावसाळे खाल्ल्यावर काही पट्ट्यांना बुरशी लागलीच आहे. तो विषय वेगळा, त्यावर नंतर.

आता या कॅमेऱ्याची गंमत अशी की बॅटरीचं आणि कार्डाचं दार एकच, आणि तेही बुडाशी, ट्रायपॉडच्या स्क्रूच्या शेजारी. म्हणजे बॅटरी उतरली की प्लेट सोडवा, कॅमेरा खाली घ्या, बॅटरी बदला, परत चढवा, आणि मग अलाइनमेंट पहिल्यापासून. मी पॅडवर छोटा आरसा ठेवून करतो, लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर दिसणारं चालू चित्र) लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मधोमध आलं की कॅमेरा फिल्मला समांतर झाला, पण हे जमवताना मान मोडते राव. त्यानंतर फोकस, दहापट झूम करून फिल्मचा दाणा शोधायचा. एवढं सगळं झाल्यावर बॅटरी परत उतरते! एलपी-ई१० आहे ८६० एमएएचची, कागदावर ५०० फोटो लिहिलेत पण ते व्ह्यूफाइंडरने, लाइव्ह व्ह्यू चालू ठेवला तर निम्मेही निघत नाहीत. आणि लाइव्ह व्ह्यू मला लागतोच, कारण त्यात कॅमेऱ्याच्या आतला आरसा आधीच वर असतो, शटर दाबल्यावर त्याचा धक्का बसत नाही. आमची बिल्डिंग परळला रुळांच्या जवळ, फास्ट लोकल गेली की खांब थरथरतो, तेवढा धक्का पुरे आहे.

लोक म्हणतात दोन जास्तीच्या बॅटऱ्या घे की. अरे पण दुखणं चार्जिंगचं नाहीच, कॅमेरा हलतो हे दुखणं आहे. म्हणून अॅडॉप्टर, म्हणजे कॅमेरा थेट भिंतीच्या विजेवर.

कॅननचा स्वतःचा किट आहे, एसीके-ई१० नावाचा, बॅटरीच्या आकाराचा कपलर आणि ७.४ व्होल्ट २ अँपिअरचा अॅडॉप्टर. बोरा बाजारात, फोर्टातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत, विचारत फिरलो, कुणाकडे स्टॉक नव्हता, एकाने मागवून देतो म्हणून जो आकडा सांगितला त्यात एक बऱ्यापैकी जुनी लेन्स आली असती. मग ऑनलाइन एक बिननावाचा मागवला, हजाराच्या आत, डमी बॅटरी आणि अॅडॉप्टर दोन्ही. डमी बॅटरी म्हणजे प्लास्टिकची डबी, आत दोन पत्र्या आणि बाहेर वायर, बाकी काही नाही. दाराच्या कडेला रबराची छोटी झडप असते तिच्यातून वायर बाहेर येते आणि दार पूर्ण बंद होतं, ते व्हायलाच लागतं, नाहीतर कॅमेरा चालूच होत नाही. फक्त ट्रायपॉड प्लेट रुंद असेल तर झडपेवर चढते, मी कानसने प्लेटचा कोपरा उडवला.

डमी बॅटरी फिट बसली, तक्रार नाही. अॅडॉप्टरवर लिहिलंय ८ व्होल्ट ३ अँपिअर. मल्टीमीटर लावला, बिनलोडचे (म्हणजे काहीही न जोडता) ८.३ आले. हे चालतं, कारण खऱ्या बॅटरीत दोन लिथियम सेल सिरीजमधे (एकापुढे एक) असतात, पूर्ण भरली की तीसुद्धा ८.४ असते. पण बिनलोडच्या आकड्याला काही अर्थ नाही हो, खरी परीक्षा लोडवर. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ८.२ ओहमचे १० वॅटचे रेझिस्टर आणले, ते पांढरे सिमेंटवाले. एक लावला की साधारण १ अँपिअर, दोन समांतर लावले की २ च्या आसपास. (फरशीवर ठेवून करा, लाकडी टेबलावर नको, भाजतात.) एका रेझिस्टरवर ७.६, ठीक. दुसरा टेकवला आणि मीटर खाली ६ च्या घरात, मग शून्य, मग परत वर, परत शून्य, आणि अॅडॉप्टरमधून टिक टिक आवाज. ओव्हरलोड झाला की स्वतःला बंद करून परत चालू करून बघत होता बिचारा. २ अँपिअरला ही तऱ्हा आणि लेबलवर ३.

कॅमेऱ्यावर याचा परिणाम कसा दिसतो तर लाइव्ह व्ह्यू मजेत चालतो, ऑटोफोकसची मोटर आणि शटर एकदम ओढायला लागले की व्होल्टेज बसतं, बॅटरीचं चिन्ह लुकलुकतं आणि स्क्रीन काळी. फोटो कार्डावर लिहिला जात असताना हे झालं तर फाइल गेलीच समजा.

मग तो अॅडॉप्टर शिकंज्यात दाबून फोडला. (प्लग काढल्यावरही आतला ४०० व्होल्टचा कपॅसिटर भरलेला राहू शकतो, बोट घालू नका.) ट्रान्सफॉर्मर माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. आणि मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामधे जो निळा कपॅसिटर असतो, ज्याच्यावर वाय१ (सुरक्षेचा दर्जा) असा शिक्का लागतो, तिथे बिनशिक्क्याची साधी सिरॅमिक चकती. हा कपॅसिटर शॉर्ट झाला तर २३० व्होल्ट थेट कॅमेऱ्याच्या बॉडीला, म्हणजे तुमच्या हाताला. बाहेरच्या लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, नव्हताच, तेव्हाच समजायला हवं असं कुणी म्हणेल, पण आत बघायची हौस होती.

तर माझं मत, डमी बॅटरी स्वस्तातली खुशाल घ्या, पण त्याच्यासोबतच्या अॅडॉप्टरवर कॅमेरा सोपवू नका. तोच बदला.

८ व्होल्टचा चांगला अॅडॉप्टर सुटा शोधायला गेलो तर मिळेना, दुकानात ५, ९, १२ हेच. म्हणून १२ व्होल्ट २ अँपिअरचा घेतला, सीसीटीव्ही-राउटरला लावतात तो, नीट लेबलवाला, आयएस १३२५२ हे सुरक्षा मानक आणि आर-नंबर छापलेला. त्याच्यापुढे एलएम२५९६ चं बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारी छोटी पाटी), ते कुठल्याही काउंटरवर मिळतं. इथे एक सांभाळा, मॉड्यूलचा निळा ट्रिमपॉट (व्होल्टेज ठरवायचा स्क्रू असलेला) बहुतेक वेळा वरच्या टोकाला फिरवलेला येतो, म्हणजे १२ लावले की जवळजवळ १२ च बाहेर. कॅमेरा लांब ठेवून आधी ८.० वर आणा, पितळी स्क्रू बराच फिरवावा लागतो, सुरुवातीला काहीच होत नाहीये असं वाटतं, आणि जमलं की वर नेलपॉलिशचा थेंब (बायकोचं, विचारून). आउटपुटला फ्यूज आणि त्याच्यापुढे प्लस-मायनसमधे आडवा ९.१ व्होल्टचा ५ वॅटवाला झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलं की करंट स्वतःकडे वळवणारा डायोड), मॉड्यूल कधी आतून शॉर्ट झालंच तर फ्यूज उडेल, कॅमेरा नाही. सोबत १००० मायक्रोफॅरडचा १६ व्होल्ट कपॅसिटर, शटरच्या झटक्यासाठी.

वायरचंही बघा. किटची तार २४ गेजची, दर मीटर लांबीला साधारण ०.०८४ ओहम, दीड मीटर लांब म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटर, पाव ओहम झाला. २ अँपिअरला अर्धा व्होल्ट तारेतच जातो. त्याच दोन रेझिस्टरवर मॉड्यूलपाशी ७.८ आणि डमीच्या पत्र्यांवर ७.३५ आले, हिशोब बरोबर बसला. चालतंय, पण अजून लांब तार हवी असेल तर लांबी १२ व्होल्टच्या बाजूला वाढवा आणि मॉड्यूल कॅमेऱ्याजवळ ठेवा.

अशा स्विचिंग सप्लायने (वीज भरभर चालू-बंद करून व्होल्टेज घडवणाऱ्या अॅडॉप्टर-मॉड्यूलने) फोटोत पट्टे येतात असं एक जण छातीठोकपणे सांगत होता. लेन्सला झाकण, आयएसओ १६००, एकदा खऱ्या बॅटरीवर, एकदा यावर, दोन्ही रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलचे काळे भाग उजळून उजळून बघितले. मला तरी फरक दिसला नाही. कॅमेऱ्याच्या आत स्वतःचे रेग्युलेटर असतातच.

झिणझिण्या मात्र खऱ्या. दोन पिनचा अॅडॉप्टर, स्टँड लोखंडी, खाली फरशी, पावसाळ्यात ओले पाय, खांबाला मनगट लागलं की मुंग्या. टेस्टरही मंद पेटतो. हा त्या वाय कपॅसिटरमधूनच येणारा करंट, अशा दोन पिनच्या अॅडॉप्टरला ०.२५ मिलिअँपिअरपर्यंत स्टँडर्डमधे मुभा आहे, म्हणून चांगल्या अॅडॉप्टरवरही जाणवतो. लॅपटॉप तीन पिनच्या अर्थिंगवाल्या चार्जरवर असेल आणि टेदरिंगची (कॅमेरा लॅपटॉपला जोडायची) यूएसबी केबल लावली की गायब होतो. मी तरी रबरी चप्पल घालून बसतो.

आणखी एक, जे आधी लक्षात आलं नव्हतं. बॅटरी संपायची तेव्हा कॅमेऱ्याला आपोआप विश्रांती मिळायची. आता तो तासन्‌तास चालू, मे महिन्यात बंद खोलीत स्क्रीनवर पांढरं थर्मामीटरचं चिन्ह यायला लागलं. म्हणून पट्टी बदलताना लाइव्ह व्ह्यू बंद करतो आणि टेबलफॅन कॅमेऱ्याकडे, फिल्मकडे नाही, नाहीतर सगळी धूळ पट्टीवर.

राहता राहिली आई. झोपायच्या आधी घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची तिची जुनी सवय, आणि मी काम करतो शेवटची लोकल गेल्यावर. 'लाल दिवा दिसला म्हणून बंद केलं रे.' वाद घालण्यात अर्थ नव्हता, राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो तो मधे बसवला, अॅडॉप्टर, यूपीएस, मॉड्यूल, कॅमेरा या क्रमाने. बटण बंद झालं तरी कॅमेऱ्याला पत्ताही लागत नाही, आणि सोसायटीने मेंटेनन्सला लाइट घालवली तरी हातातला रोल पुरा होतो.

दुसऱ्या कंपनीवाल्यांसाठी, माझे आकडे तसेच्या तसे उचलू नका. सोनीच्या एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरीवाल्या कॅमेऱ्यांचा अधिकृत अॅडॉप्टर ७.६ व्होल्टचा, निकॉनचा ईएच-५ मालिकेतला ९ व्होल्टचा आणि तो ईपी-५ए सारख्या वेगळ्या कनेक्टरमधून जातो. प्लस-मायनस डमीच्या पत्र्यांवर मीटर टेकवून बघा आणि खऱ्या बॅटरीवरच्या खुणांशी जुळवा, माझ्या डमीत प्लसची वायर पांढरी निघाली आणि मायनसची लाल.