एकपंखी

मराठवाड्यात कुणी मान वर करून आभाळाकडे बघत उभा राहिला, की येणारा-जाणारा विचारतो, "काय म्हणतोय, येईल का?" पावसाखेरीज वर बघण्यासारखं आणखी काही असेल, हे इथे कुणाच्या गावी नाही. अशा मुलखात अवकाशाचं वेड घेऊन जगणं जरा एकाकीच. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरातल्या एका विज्ञान केंद्रात उपग्रहांच्या प्रतिकृतींची खोली आहे असं कळल्यावर मी निघालोच. सोबत गेवराईकडचे मामा, दवाखान्याच्या कामाला आलेले.

खोली लहान, हेच तिचं बरं. सोनेरी कागद कुठं सुटलाय तेसुद्धा जवळून दिसतं. गर्दी अर्थातच मंगळयानापाशी. मीही तिकडेच वळणार, तेवढ्यात मामा कोपऱ्यातल्या एका बेढब खोक्यापाशी थबकले.

"ह्याचा एक पंख मोडला का रे?"

मोडला नव्हता. तो इन्सॅट-3डी, हवामानाचा उपग्रह. 26 जुलै 2013 ला फ्रेंच गयानातून एरियन रॉकेटनं गेला. मंगळयान त्याच वर्षी नोव्हेंबरात उडालं आणि कौतुक सगळं त्याच्या वाट्याला गेलं. ह्याच्या नावानं कुणी पेढे वाटल्याचं मला तरी आठवत नाही. पाटीवरही वजन, तारीख, रॉकेट, सगळं होतं. पंख एकच का, एवढंच नव्हतं.

मग मीच सुरू झालो. हा 36,000 किलोमीटरवरून ढगांची उष्णता टिपतो, म्हणून तर रात्रीचेही ढग दिसतात. त्यासाठी आतलं यंत्र भयंकर थंड लागतं. ती थंडी मिळते एका बाजूनं, काळ्या मोकळ्या अवकाशाकडे तोंड करून. त्या बाजूला सौरपंख लावला, तर त्याचीच ऊब यंत्राला लागायची. म्हणून पंख एकाच अंगाला.

"आन् ऊन त्या थंड बाजूला आलं तर?"

प्रश्न नेमका होता. सूर्य सहा महिने विषुववृत्ताच्या उत्तरेला, सहा महिने दक्षिणेला. म्हणून वर्षातून दोनदा हा अख्खा उपग्रह अर्धा फिरवतात, थंड बाजू सावलीत राहावी म्हणून.

मामांना हे फार आवडलं. "म्हंजे उन्हाकडं पाठ करून बसणाऱ्या म्हशीसारखंच की!" शेजारच्या शाळकरी पोरानं मंगळयान सोडून इकडे कान दिले.

"पण फिरवायच्या दिवशी अंदाज कोण सांगतं?"

"जोडीदार आहेत ना. 2016 ला 3डीआर गेला, 2024 ला 3डीएस."

"मग बरंय," म्हणत मामा मंगळयानाकडं ढुंकूनही न बघता चहाच्या टपरीकडं निघाले. पोरगं मात्र आता मला विचारत होतं, "काका, मंगळयानाचा दुसरा पंख कुठाय?"

त्यालाही एकाच बाजूला पंख होते. मी इतक्यांदा फोटो पाहिलेत, पण त्या अंगानं कधी बघितलंच नव्हतं. मामांना हाक मारली. म्हटलं, चहा थांबेल.