मांडीवरची घसरगुंडी

शनिवार. सलग सहावा दिवस पावसाचा. सकाळपासून अजिंक्यतारा दिसलाच नाही, गॅलरीतून नुसतं पांढरं. चिऊने नऊच्या आत सोफ्यावरून इतक्या उड्या मारल्या की मी मोजायचं सोडून दिलं. खालच्या मजल्यावरच्या काकू भल्या आहेत, वर येऊन भांडत नाहीत, पण काल जिन्यात म्हणाल्याच, "काय गं, फरशी उखडायचं काम काढलंय का?"

साडेतीन वर्षांच्या पोरीला दोन खोल्यांत किती दिवस कोंडायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातला तासभर तरी चांगली धाप लागेल अशी. बागेत चिखल, अंगण आम्हाला नाही. मोबाइल दिला की ती गप्प बसते, पण ते गप्प बसणंच मला बघवत नाही.

म्हणून आज तिला सॉफ्ट प्लेला नेलं, म्हणजे फोमचे ठोकळे, जाळ्या, घसरगुंडी असलेल्या बंदिस्त खेळघरात. दीड वर्षाने. निघताना सासूबाई काही बोलल्या नाहीत. चिऊला रेनकोट घालता घालता तिच्या डाव्या नडगीवरून त्यांनी एकदा हात फिरवला, बस.

त्या दिवसाबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. चिऊ तेव्हा दोन वर्षांची होती. तिला उंच घसरगुंडीवर एकटीला सोडायची माझी हिंमत होईना, म्हणून मी वर चढले, तिला मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि घसरले. मधेच तिच्या मोज्याचा तळवा कडेला अडकला. पायऱ्यांवर पाय सरकू नये म्हणून ज्या मोज्यांना रबराचे ठिपके असतात, ते ग्रिपचे मोजे. पाय तिथेच राहिला आणि आम्ही दोघी पुढे गेलो. आवाज काहीच झाला नाही. ती रडली, मी म्हटलं घाबरली असेल. सूज नव्हती, खरचटलंही नव्हतं. रात्री सासूबाईंनी आंबेहळद उगाळून लावली. सकाळी ती पाय टेकवेना. उभी केली की गुडघ्यात दुमडून खाली बसायची. एक्स-रेमध्ये नडगीच्या हाडाला केसाएवढी तिरकी चीर दिसली. तीन आठवडे प्लास्टर.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "घसरगुंडीवर मांडीवर घेतलं होतं का?" मी काही सांगायच्या आतच. त्यांना हे नवीन नव्हतं. लहान मूल एकटं घसरताना पाय अडकला तर ते थांबतं किंवा वाकडं होऊन पडतं, कारण त्याच्या अंगात वजनच किती असतं. मोठ्या माणसाच्या मांडीवर असलं की मागून पन्नास-साठ किलो ढकलत असतात. पाय अडकलेला, धड पुढे चाललेलं, मग हाड पिळलं जातं. जितकं घट्ट धराल तितकं मूल तुमच्याबरोबरच पुढे जाणार. धरून काहीच वाचत नाही.

मला ते पटायला फार दिवस लागले. मांडी म्हणजे आपल्याकडे सगळ्यात सुरक्षित जागा. जावळ मांडीवर, उष्टावण मांडीवर, ताप आला की मांडीवर. पोरीला लागू नये म्हणून जिथे घेतलं, तिथेच तिचं हाड मोडलं. रात्र रात्र मी जागी असायचे.

त्याच जागरणांत मी या खेळांबद्दल मिळेल ते वाचत सुटले. बॉल पूल, जाळ्या, लोंबणाऱ्या उशा, हे सगळं एरिक मॅकमिलन नावाच्या माणसापासून पुढे आलं. टोरांटोच्या ओंटारिओ प्लेसमध्ये १९७२ साली त्याने मुलांसाठी आख्खं खेळगाव उभं केलं. रंगीत चेंडूंच्या हौदाची कल्पना त्याला घरातल्या लोणच्याच्या कांद्यांच्या बरणीवरून सुचली, असं सांगतात. मला तो माणूस आवडला. बरणीकडे बघून ज्याला पोरं आठवतात, त्याला पोरं कळलेली असणार.

आज काउंटरवर तासाचे पैसे भरले, मोजे घातले. दाराशी नियमांचा मोठा फलक आहे, सगळा इंग्रजीत. तिथे येणाऱ्या किती आज्या तो वाचणार? मुलांना मांडीवर घेऊन घसरू नका, एवढं एक वाक्य मराठीत घसरगुंडीच्या वरच्या टोकाला लावा, असं मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. "सांगते मॅडम सरांना," म्हणाली. पुढच्या वेळी पुन्हा विचारणार आहे.

चिऊ आधी फोमच्या ठोकळ्यांवर चढली. निळं रेक्झिन एका कोपऱ्यात उसवलं होतं, आतला पिवळा फोम ती बोटाने कोरत बसली. मग जाळीतून वर. वरून हाक आली, "मम्मी, तू खालीच थांब!" मी खालीच होते. ती बसली, पाय सरळ पुढे, टाचा किंचित उचललेल्या (हे घरी पलंगावर उशा रचून शिकवलं होतं), आणि सुटली. चेंडूंत कमरेपर्यंत बुडाली. मी नडगीकडेच बघत होते. ती माझ्याकडे न बघता परत जाळीकडे पळाली.

अकरा वेळा घसरली. हे मात्र मोजलं.

बाराव्या वेळी तिच्या मागे एक बाबा वर आले, मांडीवर वर्ष-सव्वा वर्षाचं बाळ. माझ्या पोटात गोळा आला. "अहो दादा, बाळाला घेऊन नका घसरू."

"धरलंय की ताई घट्ट."

"घट्ट धरलं म्हणूनच मोडतं. माझ्या पोरीचा पाय असाच मोडलाय."

ते थबकले, पण उठेनात. मग खालून त्यांची बायको ओरडली, "अहो उतरा की तिथनं, त्या काय सांगतायत ते ऐका!" तेव्हा ते जाळीतून उलटे, बाळाला कडेवर घेऊन, अवघडत खाली आले. नंतर त्या दोघांनी बाळाला छोट्यांच्या कोपऱ्यात बुटक्या उतारावर ठेवलं आणि दोन्ही बाजूंनी बसले. बाळ पोटावर आडवं होऊन स्वतःच सरकलं.

निघताना चिऊचे हात साबणाने दोनदा धुतले. तिच्या बालवाडीत सध्या हातापायाला आणि तोंडात फोड येणारी साथ आहे, आणि त्या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "घसरली?" चिऊने आख्खी गोष्ट दोनदा सांगितली. जेवताना ताटावरच पेंगली.

मोजे धुऊन गॅसच्या कट्ट्याजवळ वाळत घातलेत. या हवेत काही सोमवारपर्यंत सुकायचे नाहीत. उद्याही जायचं म्हणतेय ती, रात्री पंख्याखाली टाकून बघते.