फक्त ४१ सायकल

‘टचपॅड क्लिक होत नाही, बाकी लॅपटॉप अगदी उत्तम आहे,’ असं सांगून त्या गृहस्थांनी मशीन माझ्या टेबलावर ठेवलं. मी टचपॅड दाबायला गेलो, तर लॅपटॉपच डुगडुगला. टेबल सपाट, चारही रबरी पाय शाबूत. दुरुस्तीसाठी रोज लॅपटॉप उघडणाऱ्याला एवढी खूण पुरते.

चार्जर काढला. बंद करण्याआधी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट तेवढा काढून घेतला, अर्ध्या मिनिटाचं काम. मूळ क्षमता ५० वॉट-अवर. आता पूर्ण चार्ज होऊनही मावत होते ३१. आणि चार्जिंगच्या सायकल तीन वर्षांत फक्त ४१. एक सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के चार्ज वापरून होणं, एकदम किंवा तुकड्यातुकड्याने.

तळाचा शेवटचा स्क्रू सुटला तसं झाकण आपोआप वर आलं. तीन चपट्या सेलपैकी मधला उशीसारखा फुगला होता आणि टचपॅडला खालून असा रेटत होता, की त्याला दबायला जागाच उरली नव्हती. अशा वेळी मी घाई करत नाही. आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला, मग प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने गोंद. इथे धातूचं हत्यार नको म्हणजे नकोच. फुगलेल्या सेलला भोक पडलं तर आत शॉर्ट होऊन तो पेट घेऊ शकतो. बॅटरी वाळूच्या डब्यात गेली तेव्हा कुठे माझे खांदे सैल झाले.

‘पण मी ती वापरलीच नाही हो!’ ते म्हणाले. ‘सायकल वाचाव्यात म्हणून चार्जर मुद्दाम कायम लावून ठेवायचो.’

ते अनुवादाचं काम करतात. दिवसाचे दहा तास, बाहेरचा मोठा मॉनिटर, लॅपटॉपचं झाकण बंद, चार्ज सतत १०० टक्के. मला खरंच वाईट वाटलं. इतक्या निगुतीने कुणी वस्तू सांभाळावी आणि नेमकी तीच खराब व्हावी! त्यांचं सायकलचं गणित चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं. लिथियम-आयन बॅटरी वापरून झिजते, तशी नुसती पडूनही झिजते. पूर्ण भरलेल्या सेलचा व्होल्टेज साधारण ४.२ व्होल्ट असतो. त्या पातळीवर आतलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे लिथियमची ने-आण करणारं द्रावण, हळूहळू विघटित होतं, इलेक्ट्रोडवर (सेलच्या धन-ऋण पट्ट्यांवर) थर साचत जातो, त्यात लिथियम अडकून पडतं आणि क्षमता घटते. विघटनातून वायूही तयार होतो, तोच सेल फुगवतो. उष्णतेने हे सगळं वेगात होतं, आणि यांचा लॅपटॉप झाकण मिटून तासन्‌तास तापत होता.

‘मग रोज शून्यावर आणून चार्ज करू?’ त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. तो सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. त्या गेल्या, सल्ला मागे राहिला. लिथियमला पूर्ण उतरणंही मानवत नाही. तिला मधली पातळी बरी: वीस-तीसच्या खाली फारसं जाऊ नये, ऐंशीच्या वर विनाकारण बसू नये. दिवसभर चार्जर लावूनच काम असेल तर खुशाल लावा, फक्त मर्यादा ८० वर ठेवा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही सोय बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असते, पण तिथवर कुणी जात नाही. प्रवासाला निघताना बेलाशक शंभर करा. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही.

नवी बॅटरी बसवल्यावर मी त्यांच्यासमोर ती मर्यादा लावली. ते आकड्याकडे बघत बसले. ८० झाले आणि चार्जिंग थांबलं.

‘माझा जुना लॅपटॉप कपाटात आहे,’ ते एकदम म्हणाले. ‘अडीअडचणीला तयार असावा म्हणून पूर्ण भरून ठेवलाय.’

मी त्यांना तो आजच बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवून बघायला सांगितलं. डुगडुगला तर चार्जरला हात लावू नका, थेट घेऊन या.

संध्याकाळी फोन आला. ‘डुगडुगत नाही. झाकणही नीट बसतंय. ९१ टक्के दाखवतोय.’

‘चार्जर न लावता वापरा थोडा,’ मी म्हणालो. ‘पन्नासच्या आसपास आला की बंद करून परत कपाटात ठेवा. आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघत जा, फार खाली गेलेला नसावा.’