भिंतींचं झाड

रविवार, रात्री उशिरा

तीन आठवडे हास्केल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय. आज त्यात माझा पहिला भूलभुलैया तयार झाला. झोपण्याआधी हे लिहून ठेवायलाच हवं.

पद्धत साधी आहे. सुरुवातीला चौकोनी जाळीतल्या प्रत्येक घराला चारही बाजूंनी भिंती. एका घरातून निघायचं, अजून न पाहिलेला कुठलाही एक शेजारी निवडायचा, मधली भिंत पाडून तिकडे जायचं. वाट खुंटली की आल्या पावली मागे. पायथन या दुसऱ्या भाषेत हे मी एका बैठकीत लिहिलं होतं. इथे मात्र 10 बाय 10 वर प्रोग्राम संपेचना. 4 बाय 4 वर आणला, तर आतल्या 24 च्या 24 भिंती गायब! नुसतं मोकळं मैदान.

शेवटी कागद घेतला आणि एकेक घर हाताने चालत गेले, तेव्हा चूक दिसली. डावीकडचा शेजारी फिरून आला, तरी त्याने काय काय पाहिलं हे उजवीकडच्याला कळतच नव्हतं. त्याच्या हाती जुनीच यादी. पायथनमध्ये ती यादी सगळ्यांच्या मधोमध असायची, जो तो तिच्यात भर घालायचा, म्हणून मला तिचा कधी विचारच करावा लागला नव्हता. हास्केलमधली यादी बदलत नाही. नवी करायची आणि पुढच्याच्या हातात द्यायची. शेजाऱ्यांवरून फोल्ड फिरवला, म्हणजे एकाची यादी पुढच्याला देत एकेक शेजारी घेतला, आणि जमलं. रँडम आकड्यांचंही तसंच: आकड्यासोबत नवा जनरेटर (पुढचा आकडा काढून देणारा) मिळतो, तो पुढे दिला नाही तर पुन्हा तोच आकडा. स्टेट मोनाड नावाची हास्केलमधली सोय ही सगळी देवघेव सांभाळते, पण आधी ती स्वतः केली हे फार बरं झालं.

मग भिंती मोजल्या. 16 घरं जोडायला 15 पडल्या, 9 उरल्या. 10 बाय 10 मध्ये 180 पैकी 99 पडल्या, 81 उरल्या. 3 चा वर्ग, 9 चा वर्ग! सीड, म्हणजे रँडम आकडे जिथून सुरू होतात ती संख्या, कुठलंही द्या, आकडा हलत नाही. कारण आतले कोपरे, म्हणजे चार घरं जिथे मिळतात ते बिंदू, मोजले तर तेही 81 च. वाटांचं जसं झाड होतं (फांद्या फुटतात, पण पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत), तसंच उरलेल्या भिंतींचंही होतं, बाहेरच्या कुंपणात रुजलेलं, आणि प्रत्येक कोपऱ्यामागे एक भिंत.

प्रिंट काढून भिंतींवरून पेन्सिल फिरवली. अगदी मधला तुकडा निवडला, तोही वळणं घेत घेत कुंपणालाच जाऊन मिळाला.