मका-चवळी: पोंगे मोजता मोजता

चवळी मिसळली तर मक्यावरची लष्करी अळी कमी होते का, ते बघायचं होतं. 28 जूनला टोकण. 2 गुंठे निव्वळ मका, शेजारी 2 गुंठे मका-चवळी. मक्याचं अंतर दोन्हीकडे 60 बाय 20 सेंमी. मिश्र तुकड्यात मक्याच्या दर दोन ओळींमध्ये चवळीची एक ओळ.

14 वा दिवस. दोन्हीकडे शंभर-शंभर झाडांचे पोंगे (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांचे) उघडून पाहिले. लष्करी अळीच, डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. अळी लागलेली झाडं निव्वळमध्ये 11, मिश्रमध्ये 9. म्हणजे फरक नाहीच. चवळी तेव्हा वीतभरही नव्हती.

28 वा दिवस: 34 आणि 19! दरम्यान दोन्हीकडे निंबोळी अर्क एकेकदा सारखाच मारलेला. मात्र चवळीचे शेंडे काळ्या माव्यानं भरलेले. पंप भरून बांधावर आणलाही, पण जवळून बघितलं तर माव्यात ढालकिड्यांच्या (लेडीबर्ड भुंगेऱ्यांच्या) अळ्या वळवळत होत्या. त्या माव्यासोबत लष्करी अळीची अंडी आणि बारीक अळ्याही खातात. पंप तसाच परत नेला. तरी सगळं श्रेय चवळीला देऊ नका. निव्वळ तुकड्याला लागून दुसऱ्याचा स्वीटकॉर्न आहे. पतंग आधी तिकडूनच येणार. जागा निवडतानाच चूक झाली.

ऑगस्टमध्ये आठवडाभर झड लागली आणि पोंग्यात कडक झालेल्या, आधी पांढऱ्या मग हिरवट भुकटी धरलेल्या अळ्या दिसू लागल्या. अळ्यांना रोग लावून मारणारी नोमुरिया बुरशी. 45 व्या दिवशी मोजणी 8 आणि 7. महिनाभर जपलेला फरक पावसानं धुऊन नेला.

आता वजन. वाळलेला मका: निव्वळ 118 किलो, मिश्र 109. कीड कमी असूनही 9 किलोंची घट, बहुधा चवळीनं खत-पाण्यात वाटा घेतला म्हणून. वर 14 किलो हिरव्या शेंगा. आई म्हणते, "मक्याचं राहू दे, चवळीची भाजी तरी पोटभर झाली."

जमीन समतुल्य गुणोत्तर काढायला बसलो आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक पिकाचं मिश्रमधलं उत्पादन भागिले तेवढ्याच जागेतलं निव्वळ उत्पादन, आणि त्यांची बेरीज; 1 च्या वर गेली तर मिश्र पीक जमिनीच्या हिशेबात फायद्याचं. मक्याचा वाटा 109 भागिले 118, म्हणजे 0.92. चवळीचा वाटा काढायला निव्वळ चवळीचं उत्पादन हवं, आणि तो तुकडा मी पेरलाच नाही! 0.08 ची भर पडली की गुणोत्तर 1 ला टेकतं. त्यासाठी निव्वळ चवळीला 2 गुंठ्यांत 175 किलो शेंगा लागल्या तरच बरोबरी. तेवढ्या माझ्या रानात येत नाहीत, म्हणून 1 ओलांडलंय एवढं नक्की. किती, ते विचारू नका.

पुढच्या खरिपात तुकड्यांची अदलाबदल करणार आणि चवळीला स्वतंत्र 2 गुंठे देणार.